एकाच बाजूचा बुश: स्विफ्टच्या मागच्या खडखडाटाचं प्रकरण

गाडी २०१३ची मारुती स्विफ्ट डिझेल, झेडडीआय. मीटरवर १,३१,००० किलोमीटर. मुक्काम चिपळूण, आणि आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाटाने कराडला ये-जा. जुलै २०२१च्या पुरात ही गाडी दरवाजांपर्यंत गाळाच्या पाण्यात उभी होती. इंजिन आणि वायरिंगचं काम तेव्हाच झालं. खालच्या नट-बोल्टांकडे कोणी पाहिलं नाही. पुढे कामाचा बराच वेळ त्यातच गेला.

तक्रारी तीन होत्या. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना मागच्या डाव्या बाजूला एकच जड ‘खट्ट’. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे धरावं लागतं. आणि घाट उतरताना उजव्या वळणात ॲक्सिलरेटर सोडला की गाडीचं शेपूट बाहेर सरकल्यासारखं वाटतं. डाव्या वळणात हे क्वचितच जाणवायचं. ही तिसरी तक्रार मालकाने सगळ्यात शेवटी, सहज म्हणून सांगितली. निदानाला खरी मदत तिचीच झाली.

आधी काय काय झालं होतं

१,१२,००० किलोमीटरला असाच आवाज आला म्हणून एका गॅरेजमध्ये डावा मागचा बुश (मागच्या चाकाचा आर्म बॉडीला जोडणारा रबरी सांधा) बदलला गेला. फक्त डावा, कारण उजवा ‘चांगला दिसत होता’. वर्षभर गाडी शांत होती. आवाज परत आला तेव्हा ‘बुश तर नवाच आहे’ असं गृहीत धरून मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले. आवाज गेला नाही. स्टिअरिंग तिरपं म्हणून दोनदा व्हील अलाइनमेंट झालं. दोन्ही वेळा फक्त पुढच्या चाकांचं टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळल्याचा कोन) जुळवून स्टिअरिंग मधोमध आणून दिलं, आणि दीड-दोन महिन्यांत ते पुन्हा तिरपं झालं.

अलाइनमेंट टिकत नाही म्हणजे कुठला तरी सांधा जागा सोडतोय. तो पुढच्या बाजूलाच असेल असं नाही. या गाडीत पुढचे लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड तपासले, ते ठीक निघाले. मग मागे पाहिलं.

रचना आणि बुशचं खरं काम

स्विफ्टला मागे टॉर्शन बीम आहे. दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई, तिच्या दोन्ही टोकांना पुढे आलेले दोन आर्म, आणि प्रत्येक आर्मच्या पुढच्या टोकाला एक मोठा रबरी बुश. त्या बुशमधून एक आडवा बोल्ट जातो आणि बॉडीच्या ब्रॅकेटला बसतो. मागच्या चाकांना पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे धरून ठेवणारं एवढंच आहे, दोन बुश. स्प्रिंग फक्त वजन उचलते, शॉकअब्सॉर्बर फक्त झोके थांबवतो. आय-ट्वेंटी, पोलो, एटिऑस यांच्यातही तत्त्व हेच, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं त्या गाड्यांनाही लागू पडतं. बुशचं माप आणि बोल्टचा टॉर्क तेवढा वेगळा.

बुशचे तीन भाग असतात: बाहेरचं कवच, मधलं रबर, आतली लोखंडी नळी. कवच आर्मच्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, घट्ट ठोकलेलं असतं. नळीच्या दोन्ही तोंडांना बारीक दाते असतात. बोल्ट कसला की ते दाते ब्रॅकेटच्या पत्र्यात रुततात आणि नळी बॉडीशी जखडते. त्यानंतर चाक वर-खाली होतं तेव्हा काहीच घासत फिरत नाही, रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. ‘ग्रीस मारलं की आवाज जाईल’ हा सल्ला इथे नुसता निरुपयोगी नाही, घातकही आहे. खनिज तेलाचं ग्रीस, डिझेल, जुनं इंजिन ऑइल यांनी रबर फुगतं आणि मऊ होऊन सुटं पडतं. पावसाळ्याआधी गाडीखाली सरसकट जळकं ऑइल फवारायची पद्धत कोकणात अजून आहे. निदान बुशवर तरी ते पडू देऊ नये.

रबर भरीव नसतं, त्यात दोन चंद्रकोरीसारख्या पोकळ्या असतात. पोकळी ज्या दिशेला, त्या दिशेला बुश मऊ. तिच्या काटकोनात कडक. खड्ड्याचा धक्का कुठे गिळायचा आणि वळणातला जोर कुठे अडवायचा, हे कारखान्यात पोकळीच्या दिशेवरून ठरवलेलं असतं. म्हणून बुश बोअरमध्ये कुठल्या कोनात बसवला याला महत्त्व आहे. तो गोल आहे, कसाही बसतो, आणि चूक होते ती इथेच.

निदान

पहिली चाचणी नेहमीची, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म हलवून पाहणे. डावीकडे थोडी हालचाल दिसली, उजवीकडे काही नाही. यावर निकाल देता येत नाही. चाक लोंबकळताना रबर एका टोकाला पिळलेलं असतं आणि फाटलेली जागा दाबून बंद झालेली असू शकते. आधीच्या तपासणीत बुशचा दोष नजरेतून सुटला तो बहुधा असाच.

दुसरी चाचणी गाडी जमिनीवर ठेवून. मागच्या चाकांशेजारी, बुश दिसेल अशा बेताने, मोबाइल जमिनीवर ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. बुशची आतली नळी आणि आर्म यांच्यावर खडूने एक सलग रेघ ओढली. हँडब्रेक पूर्ण ओढला, इंजिन चालू करून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडला, मग रिव्हर्समध्ये तसंच. हँडब्रेक मागची चाकं धरतो, पुढची चाकं बॉडीला ओढतात, आणि मधला सगळा ताण या दोन बुशांवर येतो. गाडी फक्त डुलली पाहिजे, पुढे सरकता कामा नये. या वेळी गाडीखाली माणूस घालू नये; पाहायचं काम कॅमेऱ्यावर सोडावं.

व्हिडिओत उजव्या आर्मची पुढे-मागे हालचाल सुमारे २ मिमी दिसली. डाव्याची ९ मिमी, आणि दोन्ही टोकांना ‘खट्ट’. स्पीडब्रेकरवर ऐकू येणारा आवाज तोच होता.

मग गाडी चारही चाकांचं मोजमाप घेणाऱ्या अलाइनमेंट मशीनवर घेतली. मागचे आकडे असे आले: डावं चाक टो-इन (तोंड आतल्या बाजूला) ०.०२ अंश, उजवं ०.५२ अंश. एकूण ०.५४, आणि थ्रस्ट अँगल (मागची दोन चाकं मिळून गाडीच्या मधल्या रेषेशी करतात तो कोन) ०.२५ अंश डावीकडे.

या आकड्यांवर जरा थांबायला हवं. एकूण टो ०.५४ हा मशीनमधल्या मर्यादेत होता, म्हणजे बीम वाकलेला नव्हता. बीम आख्खाच फिरला होता, डावं टोक मागे गेल्याने दोन्ही चाकं मूळ दिशेपेक्षा डावीकडे वळून बसली होती. किती मागे? दोन बुशांमधलं अंतर सुमारे १.१ मीटर. दुरुस्तीनंतरही उरलेले ०.०३ वजा करून बुशचा दोष ०.२२ अंशांचा धरला तर टोकाशी सरकण येते सव्वाचार मिलिमीटर. पुढच्या एक्सलवर चालणाऱ्या गाडीत मागची चाकं कायम मागे ओढली जात असतात, ब्रेक लागला की आणखी. त्यामुळे फाटलेला बुश मागच्या बाजूला जाऊन बसतो, हे अपेक्षितच होतं.

मागची चाकं डावीकडे ढकलतात, गाडीचं नाक उजवीकडे जातं, म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंग डावीकडे धरतो. दुसरी तक्रार इथे उलगडली. तिसरीही. उजव्या वळणात रस्ता मागच्या टायरना उजवीकडे ढकलतो. टायर बुशांच्या मागे असल्यामुळे बीम फिरू पाहतो आणि डावा बुश मागे रेटला जातो. तिथे धरायला रबरच नाही, तर दोन्ही मागची चाकं वळणाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करतात आणि शेपूट सुटतं.

टायर मात्र काहीच सांगत नव्हते. मागच्या दोन्ही १८५/६५ आर १५ टायरची झीज सारखी होती, आणि ‘टायर बघा की, अलाइनमेंट उत्तम आहे’ असं मालकाला सांगितलं गेलं होतं. बीम आख्खा फिरतो तेव्हा गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते. रस्त्याच्या दिशेशी प्रत्येक चाकाचा कोन एकूण टोच्या निम्माच राहतो, त्यामुळे झीज दोन्हीकडे सारखीच होते. टॉर्शन बीमच्या गाडीत मागचे टायर पाहून बुशला निर्दोष ठरवता येत नाही.

सामान

दोन बुश, डावा आणि उजवा. दोन नवे बोल्ट आणि नट. मूळ नट स्वतः घट्ट राहणारे असतात, एकदा काढले की पुन्हा वापरायचे नाहीत. गंज सोडवणारं तेल, तारेचे ब्रश, १२० नंबरचा एमरी पेपर, साबणाचं पाणी.

प्रेसवर नेण्यासाठी अख्खा बीम उतरवायचा तर ब्रेक पाइप उघडा, हँडब्रेक केबल काढा, नंतर ब्रेकची हवा काढा. इतकं वाढवायची गरज नव्हती. बीमची पुढची टोकं खाली झुकवून, बुश जागेवरच ओढून काढता-बसवता येतो. त्यासाठी लेथवाल्याकडून पुलर करून घेतला: ८.८ ग्रेडचा एम-१६ आटे पाडलेला रॉड ३५० मिमी, दोन उंच नट, एक थ्रस्ट बेअरिंग (दाबाखालीही नट मोकळा फिरू देणारं). बुशच्या कॉलरपेक्षा (कवचाच्या बाहेर आलेल्या कडेपेक्षा) किंचित मोठ्या आतल्या व्यासाची, जाड पाइपची ९० मिमी लांब वाटी. आणि कवचाच्या बाहेरच्या व्यासापेक्षा १ मिमी लहान अशी १५ मिमी जाड चकती. चकतीचा दाब कवचावर यावा, रबरावर नाही, म्हणून तिच्या मधोमध खोलगट कापलेलं.

रॉडमध्ये काटकसर करू नये. हार्डवेअरच्या दुकानातला साधा एम-१२ रॉड दोन टनांच्या आसपासच ताणायला लागतो. जुना गंजलेला बुश तेवढ्यात हलत नाही. रॉड लांब होतो, आटे नटात अडकतात, आणि मग बुशच्या आधी पुलर कापून काढावा लागतो. ८.८चा एम-१६ नऊ टनांपर्यंत शाबूत राहतो.

खोलणे

आदल्या संध्याकाळी दोन्ही बोल्टांवर तेल मारून ठेवलं. सकाळी गाडी उभी असताना पहिलं काम मोजमापाचं: अर्धी टाकी, गाडी रिकामी, टायरमध्ये हवा बरोबर, सपाट जमीन. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ उभं अंतर दोन्हीकडे ३६५ मिमी. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून मडगार्डलाच लावला. पुढे सगळं काम याच आकड्यावर अवलंबून आहे.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे, मग मागची बाजू उचलून स्टँड बॉडीच्या जॅक पॉइंटखाली. बीमखाली स्टँड लावायचा नाही, कारण बीमच हलवायचा आहे. दोन ट्रॉली जॅक स्प्रिंगच्या बैठकीखाली, नुसते टेकवलेले. चाकं काढली. एबीएस सेन्सरच्या वायरी आर्मवरच्या क्लिपांतून सोडवल्या, ब्रेक होजची यू-क्लिप काढून होज ब्रॅकेटमधून मोकळा केला, हँडब्रेक केबलचे दोन्हीकडचे पकडे सोडले. होज उघडायचा नाही, फक्त ढिला करायचा. बीम खाली येताना सगळ्यात आधी ताणला जातो तो होज आणि मग एबीएसची वायर, दर इंचाला हात लावून बघावं.

शॉकअब्सॉर्बरचे खालचे बोल्ट तसेच ठेवले. ते दोन्ही काढले तर बीमला खाली जायला मर्यादा उरत नाही आणि स्प्रिंग निसटून बाहेर येते. ती अंगावर येऊ शकते.

डावा बोल्ट सहज सुटला. १९,००० किलोमीटरपूर्वीच लावलेला होता. उजवा कारखान्यातला, आणि त्यावर पुराचा गाळ. नट निघाला पण बोल्ट फिरवला की आतली नळीही त्याच्याबरोबर फिरायची, रबर पिळायचं आणि पाना सोडला की सगळं परत जागेवर. ही खूण ओळखता आली पाहिजे. बोल्ट ढिला होतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तो नळीला गंजाने चिकटलेला असतो. मोठ्या पान्याने आणखी जोर लावला तर बोल्टचं डोकं तुटतं, किंवा त्याहून वाईट, ब्रॅकेट वाकतो.

गॅसने तापवायचा मोह होतो. इथे करू नये. पुढेच डिझेलची टाकी आहे, होज आणि वायरी हाताशी आहेत, आणि तापलेलं रबर धूर सोडत पेट घेतं. तेल, वीस मिनिटं थांबणं, छोट्या हवेच्या हातोड्याने बोल्टच्या टोकावर ठोके, परत तेल असे तीन फेरे केले, हलला नाही. शेवटी ब्रॅकेट आणि नळी यांच्या मधल्या फटीतून रेसिप्रोकेटिंग करवतीचं पातळ धातूचं पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. वीस मिनिटांचं काम. पात्याखाली ब्रॅकेटच्या बाजूला पत्र्याचा तुकडा धरला होता म्हणून ब्रॅकेटला ओरखडा नाही. नवे बोल्ट आधीच आणून ठेवलेले असतात ते यासाठी. गाडी वर टांगलेली आणि बोल्टसाठी रत्नागिरी किंवा कराडची वाट बघायची, ही पाळी येऊ देऊ नये.

जॅक हळूहळू उतरवून दोन्ही टोकं ब्रॅकेटमधून सुमारे १२ सेंटिमीटर खाली आणली. टोकं परत वर उसळू नयेत म्हणून बॉडी आणि आर्म यांच्यात सागाचा ठोकळा घातला.

जुन्या बुशनी सांगितलेली गोष्ट

डावा बुश उघडा दिसल्यावर दोन चुका एकत्र दिसल्या.

पहिली दिशेची. उजवा बुश कारखान्यातला असल्याने त्याच्यावर विश्वास ठेवता येत होता. त्याच्या पोकळ्यांची रेषा आर्मवर पंचने खूण करून घेतली. डाव्या बाजूला ती आरशातल्या प्रतिबिंबासारखी यायला हवी. आली नव्हती, अंदाजे ३० अंश फिरलेली होती. म्हणजे जिथे कडक हवा तिथे अर्धवट मऊ, आणि उजव्या-डाव्या बाजूंचा स्वभावच वेगळा. हे बुश फाटण्याआधीही, ब्रेक दाबल्यावर डावी बाजू उजवीपेक्षा जास्त मागे जात असणार.

दुसरी चूक मोठी. डाव्या बुशचं रबर एका बाजूला, आतल्या नळीच्या लगत, तिरक्या रेघेत फाटलेलं होतं, आणि बोल्ट काढून बुश मोकळा झाल्यावरही आतली नळी मूळ कोनात परतली नाही, पिळलेलीच राहिली. उजवा बुश १,३१,००० किलोमीटर चालून नुसता भेगाळला होता. डावा १९,०००मध्ये फाटला. फरक रबराच्या दर्जाचा नव्हता. डावा बुश चाक लोंबकळत असताना कसला गेला होता.

हिशेब सोपा आहे. लिफ्टवर टांगलेल्या या गाडीत चाकाचा मध्य ते मडगार्ड अंतर ४५५ मिमी भरतं, म्हणजे जमिनीवरच्या ३६५पेक्षा चाक ९० मिमी खाली. बुशपासून चाकाच्या मध्यापर्यंत आर्म सुमारे ४०० मिमी. म्हणजे कोन जवळजवळ १३ अंश. त्या स्थितीत बोल्ट कसला की नळी तिथेच जखडते, आणि गाडी जमिनीवर आली की रबर १३ अंश पिळलेलं. उभ्या गाडीतसुद्धा, रात्रभर, पार्किंगमध्ये. मग खड्ड्यात चाक ६० मिमी वर गेलं की आणखी ९ अंश. ज्या रबराने ९ अंश सोसायचे ते २२ सोसतं, आणि तेही एकाच दिशेला. अशा बुशचं आयुष्य वर्ष-दीड वर्षाचं. गॅरेजमधून निघताना मात्र सगळं ठाक असतं. म्हणून चूक करणाऱ्याला ती कधी कळत नाही. बोल बुशला लागतो.

नवे बुश बसवणे

उजवा जुना बुश पुलरने दोन आट्यांत मोठा आवाज करून सुटला आणि मग सरळ आला. डाव्याचा कॉलर ओढताना फाटला. कवच बोअरमध्येच राहिलं. हॅक्सॉचं पातं आतून घालून कवच एका जागी कापलं, छन्नीने आत मुडपलं आणि बाहेर घेतलं. पातं कवचाच्या जाडीपर्यंतच जायला हवं. बोअरला चर पडला तर नवा बुश तिथून सैल राहतो आणि पाणी धरतो. शेवटचा अर्धा मिलिमीटर करवतीने न कापता छन्नीने फोडलेला बरा.

बोअर एमरीने गुळगुळीत केलं, कडेचा बर (धारदार कंगोरा) कानसने काढला. चकाकी येईपर्यंत घासायचं नाही, माप मोठं होतं.

नवा बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती सगळीकडे सांगतात. खोलीच्या २५ अंशांवरून उणे १८वर नेल्यावर ६० मिमी व्यासाचं लोखंडी कवच ०.०३ मिमीने आकुंचन पावतं. बुशचा घट्टपणा याच्या कितीतरी पट असतो. ठेवायचं तर ठेवा. फायदा नगण्य आणि बाहेर काढल्यावर दव धरतं.

बोअरला आणि कवचाला साबणाचं पाणी, बाकी काही नाही. साबण वाळतो आणि पकड राहते. पुलर लावून पहिले पाच मिलिमीटर हळू, आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला चारही बाजूंनी कडेचं अंतर व्हर्निअरने बघणं. बुश तिरका गेला तर पुढे जोर लावून तो सरळ होत नाही, कवच चोळामोळा होतं.

डावा बुश बसवताना एक गोष्ट घडली. आठ मिलिमीटर आत गेल्यावर बुशवरची खूण आर्मवरच्या पंचपासून सुमारे पाच मिलिमीटर घसरलेली दिसली. ६० मिमीच्या व्यासावर पाच मिलिमीटर म्हणजे साडेनऊ अंश. कारण साधं: फिरता नट घर्षणाने चकतीला ओढतो, चकती बुशला. थ्रस्ट बेअरिंग होतं, पण ते चुकून स्थिर नटाच्या बाजूला घातलेलं होतं. बुश परत बाहेर घेतला, बेअरिंग फिरत्या नटाखाली आणलं, चकतीला कापून ठेवलेल्या सपाट कडेवर पाना लावून ती धरून ठेवली. या वेळी खूण जागची हलली नाही. आठ मिलिमीटरवर हे करता येतं. पूर्ण बसलेला बुश काढून परत घातला तर पकड कमी होते, मग नवाच घ्यावा. खूण दर दोन फेऱ्यांना बघायला एवढं कारण पुरे.

उजवा आणि डावा यांची दिशा ठरवताना आर्मच्या संदर्भाने विचार करावा, जमिनीच्या नाही. आर्म खाली झुकलेला असताना जमिनीला समांतर वाटणारी रेषा गाडी उतरवल्यावर तशी राहत नाही.

पॉलियुरेथेन बुश घालावेत का, हा प्रश्न मालकाने विचारला होता. टॉर्शन बीममध्ये बुशला एकाच अक्षात फिरून भागत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली जातं तेव्हा बीम पिळतो आणि बुशला तिरकंही झुकावं लागतं. कडक पॉलियुरेथेन ते झुकणं अडवतं, ताण ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो आणि रस्त्याचा आवाज आत येतो. घाटातल्या रोजच्या गाडीला मूळ रबरच योग्य.

उंचीवर आणून कसणे

टोकं वर उचलून नवे बोल्ट आत घातले आणि नट हाताने लागेल तेवढाच फिरवला. होजची यू-क्लिप लावताना होजला पीळ पडलेला नाही ना, ते त्याच्या लांबीवरच्या छापील रेषेवरून पाहिलं. एबीएस वायरी आणि केबल जागेवर. चाकं लावली.

आता नट कसण्यासाठी गाडी चाकांवर हवी आणि खाली हातही जायला हवा. चार चाकं टेकतात असा लिफ्ट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर चारही टायरखाली २० सेंटिमीटर उंचीचे, रुंद बाजूवर रचलेले लाकडी ओंडके, आणि सोबत बॉडीखाली स्टँड, एक सेंटिमीटर मोकळा ठेवून. वजन चाकांवर, स्टँड नुसता विम्यासारखा. मागची डिकी तीन-चार वेळा दाबून गाडी उसळवली म्हणजे सस्पेन्शन स्थिरावतं. मग मडगार्डची चिकटपट्टी: डावीकडे ३६६, उजवीकडे ३६५. ठीक.

या स्थितीत बोल्ट धरून नट टॉर्क पान्याने कसले. टॉर्कचा आकडा मॉडेलच्या पिढीप्रमाणे बदलतो, म्हणून तो चासी नंबर देऊन मॅन्युअलमधूनच घ्यायचा. ‘ताकदीने कसला’ हे मोजमाप नव्हे. कमी कसला तर दाते ब्रॅकेटमध्ये रुतत नाहीत, नळी फिरते आणि नवाच बुश आठवड्यात ‘टक टक’ करायला लागतो. इम्पॅक्ट गनने शेवटचं कसणं टाळावं. कसून झाल्यावर नट, ब्रॅकेट आणि नळीवर पांढऱ्या रंगाची एक सलग रेघ ओढली.

हँडब्रेकच्या केबलचा ताण पाहिला, चार दातांवर धरत होता तसाच. ड्रम ब्रेकना हात लावायची गरज पडली नाही.

त्यानंतरचे आकडे

अलाइनमेंट मशीनवर मागचं डावं चाक ०.२४, उजवं ०.३०. एकूण पुन्हा ०.५४, थ्रस्ट अँगल ०.०३. एकूण टो तसाच राहिला आणि थ्रस्ट खाली आला, म्हणजे बीम शाबूत होता आणि सगळा दोष डाव्या बुशचा होता. मग, त्याच क्रमाने, पुढचं टो जुळवलं. मागचा थ्रस्ट दुरुस्त न करता पुढचं टो जुळवलं तर स्टिअरिंग काही दिवस सरळ दिसतं एवढंच.

एकूण वेळ साडेसहा तास, त्यातले पावणेदोन तास उजव्या एका बोल्टचे. बुशांच्या जोडीपेक्षा मजुरी जास्त झाली. म्हणूनच एकीकडचा बुश बदलून दुसरा ‘चांगला दिसतो’ म्हणून सोडणं परवडत नाही: खोलायचं तर तेवढंच, आणि एका बाजूला ताजं, दुसऱ्या बाजूला लाखभर किलोमीटर थकलेलं रबर असलं की बीमची दोन टोकं वेगळी वागतात.

घाटात स्पीडब्रेकरवरची ‘खट्ट’ गेली आणि उजव्या वळणातलं शेपूट जागेवर आलं. एक बारीक खुळखुळ राहिली होती. ती नव्या शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या नटाची निघाली, आधीच्या कामात तो पुरेसा कसलेला नव्हता. बदललेले जुने शॉकअब्सॉर्बर मालकाने जपून ठेवले होते. हाताने दाबून पाहिले तर दोन्ही सारख्याच जोराने, सावकाश परतत होते. तेलाचा ओघळ नाही.

हजार किलोमीटरवर खडूची चाचणी परत केली: दोन्हीकडे दीड मिलिमीटर. आठ हजारांवर पांढरी रेघ दोन्ही बाजूंना अखंड होती, थ्रस्ट ०.०४.